कॅम्पर बांधायचा कशाने? वायोमिंगच्या वाऱ्यात उघडलेल्या हुकचं प्रकरण

पिकअप ट्रकच्या हौद्यात बसणारं छोटं घर म्हणजे ट्रक कॅम्पर. अमेरिकेत आणि कॅनडात तो सर्रास दिसतो. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, कधी न्हाणीघरसुद्धा. हे घर ट्रकला कायमचं जोडलेलं नसतं. चार जॅकवर ते उचलायचं, ट्रक मागे घेत त्याच्याखाली आणायचा, घर हौद्यात उतरवायचं आणि चारही कोपरे टर्नबकलने ताणून बांधायचे. हजार-दीड हजार किलोंचं ओझं ताशी शंभर किलोमीटरने धावतं ते या चार टर्नबकलच्या भरवशावर. आपल्याकडे विजेच्या खांबाच्या ताणाला तार आवळायचा आटेदार तुकडा असतो, त्याच जातीची ही वस्तू. एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे. मधला सांगाडा फिरवला की दोन्ही टोकं एकदम आत येतात.

प्रकरण माझ्या एका मित्राचं आहे. तो डेन्व्हरजवळ राहतो. त्याने जुना कॅम्पर विकत घेतला आणि पहिल्याच मोठ्या सहलीला कुटुंबासह वायोमिंग राज्यातल्या ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानात गेला. मागे छोटा ट्रेलर होता, त्यावर दोन मोटरसायकली. कॅम्पर हौद्याच्या मागे बाहेर येत असल्यामुळे ट्रेलर थेट ट्रकच्या हिचला (ट्रेलर अडकवायची मागची जोडणी) लागत नव्हता, म्हणून मध्ये हिच एक्स्टेन्शन, म्हणजे चौकोनी नळीची लांबण, घातली होती. कॅम्पर आणि लांबण दोन्ही त्याने हार्डवेअरच्या दुकानातल्या टर्नबकलनी बांधली होती. माझं रोजचं काम लिफ्टिंग टॅकल, म्हणजे ओझी उचलायची साधनं, तपासण्याचं, त्यामुळे परतीच्या वाटेवर त्याचा फोन मलाच आला.

"अरे, पुढचा उजवा सुटलाय. हुक पार सरळ झालाय."

"कॅम्पर हललाय का?"

"डावीकडे सरकलाय. दोन बोटं तरी."

"मग ट्रेलर सोड तिथेच, आणि वारा पडेपर्यंत निघू नकोस."

तो वायोमिंगमधल्याच रॉलिन्स गावात होता. लँडरहून रॉलिन्सला उतरणारा हायवे २८७ बराचसा उघड्या माळावरून जातो आणि पश्चिमेचा वारा गाडीच्या उजव्या कुशीवर आदळतो. पुढचा रस्ता त्याहून वाईट. आय-८० या महामार्गावर रॉलिन्स ते लॅरमी या पट्ट्यात, एल्क माउंटन आणि आर्लिंग्टनच्या आसपास, वाऱ्यामुळे उंच आणि हलक्या गाड्यांना वारंवार बंदी होते. लॅरमीच्या पुढे शर्मन समिट लागते, ८,६४० फुटांवरची, अख्ख्या आय-८० वरची सर्वांत उंच जागा. मित्राने तिथल्या ट्रक स्टॉपवर रॅचेटचे रुंद पट्टे विकत घेतले, कॅम्पर आडवा-उभा बांधला, ट्रेलर एका आवारात ठेवला आणि पहाटे वारा पडल्यावर सावकाश घर गाठलं.

काय तुटलं, काय तुटलं नाही

शनिवारी आम्ही सगळं सोडून गॅरेजच्या फरशीवर मांडलं. चारही टर्नबकल तीन सुताचे (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), सांगाडा ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा, एका टोकाला उघडा हुक, दुसऱ्या टोकाला सळी वाकवून केलेली कडी. कडीचं तोंड वेल्डिंगने बंद केलेलं नव्हतं, नुसतं वळवून टेकवलेलं होतं. दुकानातल्या कार्डावर सुरक्षित भार दोनशे-अडीचशे पौंडांच्या घरात छापलेला होता आणि त्याखाली बारीक अक्षरात, उचलकामासाठी वापरू नये.

उजव्या पुढच्या हुकची कमान उघडून जवळजवळ सरळ झाली होती. पण माझं लक्ष त्या तुकड्याच्या आट्यांकडे गेलं. मित्राने बांधताना टोकाला रंगाची खूण केली होती. त्या खुणेच्या पुढे अंगठ्याएवढा भाग चकचकीत, धूळ नसलेला. म्हणजे सांगाडा उलटा फिरून टर्नबकल आधी सैल झाला होता. कडीच्या आतल्या अंगावर ठोकल्यासारखे लहान लहान चट्टे होते, एकाच ठिकाणी घासून पडतो तसा गुळगुळीत खड्डा नव्हता. हौद्याच्या पत्र्यावर डाव्या बाजूला रंग खरवडलेला. क्रम यावरून स्पष्ट होतो: थरथरीने आटे सुटले, ढिलाई आली, कॅम्पर प्रत्येक खड्ड्यावर आणि झोतावर उडी घेऊन थांबू लागला, आणि त्या झटक्यांनी हुक उघडला. चेक नट, म्हणजे सांगाडा उलटा फिरू नये म्हणून त्याला टेकवून आवळायचा नट, एकाही टर्नबकलला नव्हता.

वाऱ्याचा आणि वजनाचा हिशेब

कॅम्परच्या माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या कॅम्परचं असतं. पाणी, गॅस, बॅटरी, भांडीकुंडी, कपडे धरून खरं वजन काढायचं तर ट्रक स्टॉपवरचा कॅट स्केल हा वजनकाटा बरा. एकदा कॅम्परसह, एकदा कॅम्पर उतरवून. मित्राचा कॅम्पर ३,००० पौंडांच्या जवळ भरला, म्हणजे सुमारे १,३६० किलो.

व्यावसायिक मालवाहतुकीसाठी अमेरिकेच्या संघीय नियमांत (४९ सीएफआर, भाग ३९३) माल बांधण्याचं मोजमाप दिलेलं आहे: ब्रेक मारताना पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट, मागच्या दिशेने ०.५ पट आणि बाजूला ०.५ पट जोर सहन झाला पाहिजे. सगळ्या बांधण्यांची मिळून क्षमता मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी, आणि गाडीवरच्या कडीतून थेट मालावरच्या कडीत जाणारी बांधणी निम्म्याच क्षमतेची धरायची. घरगुती सहलीला हा नियम लागू नाही, पण फूटपट्टी म्हणून चांगला आहे. ३,००० पौंडांना चार टर्नबकल असतील तर प्रत्येकाची छापील क्षमता किमान ७५० पौंड हवी. मित्राचे टर्नबकल त्याच्या एक तृतीयांशाच्याही आतले होते.

वारा मी वेगळा मोजला. ताशी ६० मैलांचा आडवा झोत दर चौरस फुटाला सुमारे ९ पौंड दाब देतो. हौद्यावर दिसणारी कॅम्परची कूस ८० चौरस फूट धरली आणि पेटीच्या आकारासाठी थोडा वाढावा दिला, तर जवळपास ९०० पौंड होतात, तेही हौद्याच्या तळापासून साडेचार फूट उंचीवर. कॅम्परला हौद्यात उलथवू पाहणारा हा जोर, पौंड गुणिले इंचांतली उंची असा धरला, तर सुमारे ४८,००० पौंड-इंच. त्यात सौम्य वळणावर कॅम्पर बाहेर कलू पाहतो त्याचे २४,००० मिळवा. याच्या विरुद्ध कॅम्परचं स्वतःचं वजन: दोन चाकघरांमधली तळाची रुंदी चार फूट, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत २४ इंच, गुणिले ३,०००, बरोबर ७२,०००. दोन्ही पारडी सारखी. रस्त्यावरच्या उंचवट्याने कॅम्पर क्षणभर निम्मा हलका झाला, तर वाऱ्याकडच्या दोन टर्नबकलना मिळून, तिरपेपणा धरून, ८०० पौंडांच्या आसपास ओढावं लागतं. दोघांत वाटलं तर ४०० प्रत्येकी. एक ढिला पडला तर सगळे ८०० दुसऱ्यावर.

हे आकडे फार मोठे नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. चांगल्या तीन सुताच्या घडीव टर्नबकलनेही एवढं पेललं असतं. पण या आकड्यांत झटका धरलेला नाही, आणि ढिल्या बांधणीत झटकाच खरा मारेकरी असतो. म्हणून नुसतं "अजून जाड घे" असं सांगून मित्राला दुकानात पाठवणं मला पटलं नसतं.

टोक बघा, मग जाडी

घडीव टर्नबकलच्या तक्त्यात एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. सळी तीच, सांगाडा तोच, पण टोक बदललं की क्षमता बदलते. अर्ध्या इंचाचा टर्नबकल जॉ टोकाचा (जबड्यासारखं दुबेळकं, आरपार पिन) किंवा बंद घडीव कडीचा असेल तर सुरक्षित भार २,२०० पौंड. त्याच अर्ध्या इंचाला हुक असेल तर १,५००. पाच सुतात ३,५०० विरुद्ध २,२५०. तीन सुतात १,२०० विरुद्ध १,०००. कारण उघड आहे: जॉमध्ये ओढ सळीच्या सरळ रेषेत राहते, हुकमध्ये ती कमानीवर पडते आणि कमान उघडायला बघते. शिवाय ढिलाई आली की हुक कडीतून निसटतो, पिन लावलेला जॉ निसटत नाही. हे आकडे अमेरिकेतल्या एएसटीएम एफ-११४५ या मानकाप्रमाणे घडवलेल्या मालाचे आहेत. असा टर्नबकल हातात घेतला की त्यावर कंपनीची खूण आणि माप ठोकलेलं दिसतं. ज्यावर काहीच उमटवलेलं नाही, तो मी ओझ्याला लावत नाही.

मापात दोन आकडे येतात, उदाहरणार्थ "अर्धा गुणिले बारा". पहिला सळीची जाडी, दुसरा आटे किती इंच आत-बाहेर जातात तो. लांब घ्यावा, कारण जेमतेम पुरणारा टर्नबकल ताणताना सळीची टोकं सांगाड्यात काठावरच राहतात. दोन्ही टोकं सांगाड्याच्या मोकळ्या खिडकीत दिसलीच पाहिजेत.

स्टेनलेसचा मोह मित्रालाही झाला. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, गंजेल म्हणून. स्टेनलेसचे आटे ताणाखाली एकमेकांना धरतात, मग पाना लावूनही हलत नाहीत. गरम जस्ताचा मुलामा दिलेला घडीव पोलादी टर्नबकल आणि आट्यांवर ग्रीस, एवढं पुरतं.

कॅम्परला लवचीकता लागते

ट्रकची चेसिस पिळते. घरासमोरच्या उतारावरून तिरकी गाडी चढवली की एक चाक वर, एक खाली, आणि चेसिसचे दोन कोपरे एकमेकांपासून दूर जातात. कॅम्पर मात्र ताठ असतो. मध्ये ताठ पोलादी टर्नबकल असेल तर ओढ एकदम वाढते, आणि अशा वेळी सहसा टर्नबकल तुटत नाही, कॅम्परच्या लाकडी सांगाड्यातून कडी उपटून येते. म्हणून कॅम्परसाठी स्प्रिंग असलेले टर्नबकल बनवतात. वॉशिंग्टन राज्यातल्या टॉर्कलिफ्टचे फास्टगन आणि हॅपीजॅकचे, ही दोन नावं या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहेत. स्प्रिंग पिळवटीत थोडी देते, पुन्हा ओढून घेते, त्यामुळे ढिलाईही येत नाही आणि झटकाही बसत नाही.

मित्राने चारही कोपऱ्यांना स्प्रिंगवालेच घेतले. महाग होते. मी त्याला एवढंच म्हटलं, की पूर्ण गाडीत पैसे वाचवायची जागा शोधायची तर ती ही नाही.

टर्नबकल खाली कशाला अडकतो, हेही तितकंच महत्त्वाचं. आधी तो हौद्याच्या पत्र्याला लावलेल्या कडीत होता. आता चेसिसला बोल्टने बसवलेले, पत्र्याच्या खालून बाहेर येणारे आर्म घेतले. वर कॅम्परकडे मात्र आम्हाला धक्का बसला. पुढच्या उजव्या कोपऱ्यातला आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) काढला तर त्यामागचं लाकूड ओलं, बोटाने दाबलं की दबणारं. वरच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. हुक उघडला नसता तर हा बोल्ट गेला असता. कुजका भाग कापून नवं लाकूड घातलं, आतल्या कपाटातून पोलादी पट्टी लावून बोल्ट आरपार घेतला. आय-बोल्टही खांदा (कडीच्या बुडाशी रुंद टेकण) असलेला घेतला, कारण तिरक्या ओढीत आय-बोल्टची ताकद झपाट्याने उतरते: खांदा असूनही ४५ अंशांत सरळ ओढीच्या केवळ ३० टक्के उरते. बिनखांद्याचा बोल्ट तिरका ओढायचाच नाही.

लांबणीला ताठपणा लागतो

हिचच्या लांबणीचं गणित उलटं. तिथे लवचीकता नको. मित्राची लांबण ३२ इंचांची होती. ट्रेलरचं हिचवर पडणारं वजन ३०० पौंड. म्हणजे रिसीव्हरच्या (लांबण ज्यात शिरते ती हिचची चौकोनी नळी) तोंडाशी ९,६०० पौंड-इंच मोड, म्हणजे वाकवणारा जोर, आणि रस्त्यावरच्या उसळीत त्याच्या कित्येक पट. बरेच उत्पादक लांबण लावल्यावर हिचची ओढण्याची क्षमता निम्मीच धरायला सांगतात. लांबणीवरची पाटी वाचल्याशिवाय पुढचा विचारच करू नये.

पहिली गोष्ट आम्ही केली ती मोजमापाची. कॅम्परच्या मागच्या पायरीपासून ट्रेलर वळताना लागणारी जागा धरूनही २४ इंच पुरत होते. विकणाऱ्याने होती ती लांब लांबण दिली होती. २४ इंचांची घेतली, तशी मोड तिथेच पावपट कमी झाली.

मग ताण. लांबणीच्या टोकापासून दोन्ही बाजूंना, वर आणि पुढे, चेसिसपर्यंत दोन टर्नबकल. आधी ते बंपरच्या पट्टीला होते आणि ती पट्टी वाकलेली सापडली. चेसिसवरची जागा टोकापेक्षा ८ इंच वर, २४ इंच पुढे आणि २० इंच बाजूला आली. टर्नबकल इतका आडवा असतो तेव्हा त्याच्या ओढीतला जेमतेम पाव हिस्सा वरच्या दिशेने कामी येतो. उसळीसाठी मी ३०० पौंडांची तिप्पट धरली, ९००. दोघांत वाटून ४५०. ते उचलायला प्रत्येक टर्नबकलमध्ये १,८०० पौंडांची ओढ हवी. आता वरचा तक्ता आठवा. अर्ध्या इंचाचा हुकवाला १,५०० चा, चालणार नाही. अर्ध्या इंचाचा दोन्हीकडे जॉ असलेला २,२०० चा, चालेल. तोच घेतला. चेसिसवरची जागा आणखी वर मिळाली असती तर ओढ झपाट्याने कमी झाली असती, पण तिथे सायलेन्सर आडवा येत होता.

हे ताण आहेत म्हणून लांबणीची छापील क्षमता वाढली असं समजायचं नाही. ते डोलणं आणि उसळी आवरतात, एवढंच. ट्रेलरच्या सुरक्षा साखळ्या लांबणीला न अडकवता ट्रकच्या मूळ हिचलाच लावल्या, त्यासाठी साखळ्या वाढवाव्या लागल्या. लांबण निखळली तर ट्रेलर तरी हाताशी राहतो.

आवळणं

लांबणीच्या टर्नबकलला दोन्ही बाजूंनी चेक नट लावले. उलट्या आट्यांचा नट वेगळा मागवावा लागतो. बऱ्याचदा त्याच्या कोपऱ्यांवर खाच असते, त्यावरून तो ओळखायचा. नटांवर भरवसा पुरेसा वाटला नाही म्हणून सांगाड्यातून आणि दोन्ही जॉंमधून जाड तार ओवून पिळली. आता सांगाडा फिरूच शकत नाही. पिनांना स्प्लिट पिन.

किती आवळायचं याचा अंदाज हिशेबाने येतो. अर्ध्या इंचाच्या सळीला इंचाला १३ आटे असतात. सांगाड्याचा एक फेरा म्हणजे दोन्ही टोकं मिळून जवळपास ४ मिलिमीटर आत. ढिलाई संपल्यावर ताठ बांधणीत हा प्रवास प्रचंड आहे. मित्र सांगाड्यात पहार घालून फिरवत असे. ते बंद केलं. हाताने ढिलाई काढायची, मग लहान पान्याने अर्धा फेरा. स्प्रिंगवाल्यात उत्पादकाने सांगितलेल्या खुणेपर्यंत स्प्रिंग दबलेली दिसली की थांबायचं. कॅम्परखाली जाड रबरी मॅट घातली, तिने सरकणंच बरंच आटोक्यात येतं.

पहिली चाचणी घराजवळच घेतली. कॅम्परच्या कडेवर आणि हौद्याच्या काठावर समोरासमोर खडूच्या रेघा मारल्या आणि गाडी मुद्दाम तिरकी उतारावर चढवली-उतरवली. स्प्रिंगा आत-बाहेर होताना दिसत होत्या, रेघा जागेवर. मग फोर्ट कॉलिन्सकडे फेरी झाली आणि पन्नास मैलांवर थांबून सगळे नट पुन्हा पाहिले. मागचा डावा स्प्रिंगवाला थोडा बसला होता, नवीन मॅट दबल्यामुळे, तो एक फेरा घेतला. नंतर तो आणि वहिनी याच वाटेने पुन्हा रॉलिन्सला जाऊन ट्रेलर घेऊन आले. वहिनी प्रत्येक पेट्रोल पंपावर उतरून चारही कोपरे हाताने हलवून बघतात आणि लांबणीच्या तारा पाहतात, तेवढ्यात तो पेट्रोल भरतो. उरलेलं काम एकच: कॅम्परच्या छताचा तो पाझरणारा सांधा पुन्हा सील करायचा आहे, नाहीतर नवीन घातलेलं लाकूडही कुजेल.